अंड्यांवरचं पाणी

जुना म्हणा, पितळेचा म्हणा, नाहीतर सरळ अडगळ म्हणा, मला काही वाईट वाटत नाही, मित्रांनो. मी एक प्रवाहमापक आहे. ओढ्याचं पाणी किती वेगानं वाहतंय ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर सहा छोट्या वाट्यांचं एक चाक आहे. मला उभ्या दांड्याला अडकवून पाण्यात धरलं की पाणी त्या वाट्यांना ढकलतं, चाक फिरतं आणि वायरीतून माणसाच्या कानात 'टक्' असा आवाज जातो. जितके टक् जास्त, तितकं पाणी जोरात. यात खोटं बोलायला जागाच नाही. लोकांचं पितळ कधीतरी उघडं पडतं, माझं तर पहिल्यापासून उघडंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला ओतलं, घासलं, तेल पाजलं आणि लांबलचक हौदात ओढून माझी परीक्षा घेतली. मग मी अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यात आलो. तिथे मी पूर पाहिले, बर्फ वितळलेलं पाणी पाहिलं, उन्हाळ्यात घोटाभर उरलेले ओढेही पाहिले. माझ्या आकड्यांवर पूल बांधले गेले. ऑफिसात नवा माणूस आला की मला दाखवून म्हणायचे, "हा कधी चुकत नाही." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटायचं.

पण दिवस काय सारखे राहतात? आवाजाच्या लहरींनी पाणी मोजणारं नवं यंत्र आलं. त्याला चाक नाही, वाट्या नाहीत, तेल नको. झालं! माझी रवानगी कपाटाच्या खालच्या खणात झाली. कित्येक वर्षं मी तिथे नुसता पडून होतो. लाकडी पेटीत माझ्या सांध्यांवर हिरवट डाग चढले, तरी कुणी झाकण उघडून पाहिलं नाही.

एका वसंतात नवं यंत्र बिघडलं आणि रुहीनं माझी पेटी उघडली. रुही पाण्याची अभ्यासक. जन्म मिनेसोटातल्या ईडन प्रेरीचा, घरात मराठी, बाहेर इंग्रजी. तिचे बाबा मनोहर नुकतेच नोकरीतून निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले होते. घरात बसून त्यांना करमेना, म्हणून तिनं त्यांना ओढ्यावर न्यायला सुरुवात केली. ती कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उतरायची. बाबा काठावर घडीची खुर्ची टाकून, माझी वायर कानाला लावून माझे टक् मोजायचे. हो, आणि मोजायचे मराठीत!

"एकोणसाठ," ते ओरडायचे.

"बाबा, इंग्लिशमध्ये सांग ना! एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?"

"साठात एक कमी. एवढं कसं गं येत नाही तुला?"

"देन जस्ट से फिफ्टी नाइन, यार!"

माझं चाक बंद व्हायचं, पण त्या दोघांची बडबड काही बंद व्हायची नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या वेळी कुणी असं हसलं नव्हतं. मला ते फार आवडायचं.

ओढ्याचं नाव ब्रॅकन क्रीक. वर एक छोटं धरण होतं, आणि पाणी किती सोडायचं ते तिथलं पाणीमंडळ ठरवायचं. या ओढ्यात कोहो जातीचे सॅमन समुद्रातून अंडी घालायला यायचे. बाबा त्यांना हट्टानं 'तुझे रावस' म्हणायचे. "इट्स नॉट रावस, बाबा!" असं रुही रोज म्हणायची, आणि बाबा रोज मान डोलावून पुन्हा तेच म्हणायचे.

आता कामाचं सांगतो, मित्रांनो, नीट ऐका. मादी सॅमन शेपटीनं खडी उकरते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. हेच तिचं घरटं. यासाठी पाणी ठराविक खोल आणि ठराविक वेगाचं लागतं. प्रवाह कमी असेल तर खडी उघडी पडते, फार असेल तर मासा टिकत नाही. रुहीनं ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत मला पाऊल-पाऊल सरकवत नेलं. कमी पाण्यात, मध्यम पाण्यात, भरल्या पाण्यात, पुन्हा पुन्हा. त्यातून दोन आकडे निघाले. सेकंदाला नव्वद घनफूट पाणी असलं की अंडी घालायला सगळ्यात जास्त जागा मिळते. आणि पिल्लांना वाढायला संथ पाणी लागतं, त्यांना पस्तीस पुरतं.

हे आकडे एवढे महत्त्वाचे का होते? कोहो तिसऱ्या वर्षी घरी परततो. म्हणजे एका ओढ्यात तीन कुळं असतात, दर वर्षी एकाची पाळी. ब्रॅकन क्रीकमधली दोन कुळं कोरड्या वर्षांत संपली होती. उरलं होतं एकच, आणि त्या शरदात त्याची पाळी होती. हे कुळ बुडालं की ओढा रिकामा. रुहीची झोप उडाली होती ती यामुळेच.

मंडळानं आकडे मान्य केले. ऑक्टोबरात नव्वद सोडलं आणि मासे आले! अंग लालभडक, नाकं वाकडी झालेली, दमलेले, पण आले. मधल्या धारेत जोर फार, म्हणून माद्यांनी काठालगतची खडी निवडली. आम्ही जी जागा चांगली म्हणालो होतो, तीच. प्रत्येक घरट्याजवळच्या फांदीला रुहीनं गुलाबी फीत बांधली. बाबांनी तर पाण्याला हात जोडले. "बाळंतिणी आल्यात गं माहेराला," ते म्हणाले. रुहीला 'बाळंतिणी' कळलं नसावं, पण तिचे डोळे भरून आले होते.

अंडी घालून मोठे मासे मेले, तसे ते मरतातच. डिसेंबर लागला आणि मंडळानं पाणी पस्तीसवर आणलं.

रुही गाडीत बसूनच मंडळाच्या मॅनेजरशी फोनवर बोलली. मी मागच्या सीटवर होतो, सगळं ऐकलं. तो माणूस उद्धट नव्हता, हेच तर दुःख. तो शांतपणे म्हणाला, तुमचेच आकडे पाळतोय आम्ही. मासे अंडी घालेपर्यंत नव्वद, पुढे पस्तीस. रुही परोपरीनं सांगत होती, अंडी अजून खडीत आहेत, ती हलू शकत नाहीत, वसंतात पिल्लं वर येईपर्यंत त्यांच्यावर पाणी हवं, हे मी तुमच्या बैठकीत उभी राहून सांगितलं होतं. तो म्हणाला, हो, आठवतंय, पण ठरावात दोनच आकडे आहेत. पुढच्या बैठकीत विषय घेऊ.

घ्या! माशांच्या आयुष्याचे त्यांनी दोनच भाग केले होते, येणारे मासे आणि पोहणारी पिल्लं. मधल्या महिन्यांत ओढ्यात काही दिसत नाही, म्हणून त्या महिन्यांना कुणी वालीच नव्हता. माझ्याच टकटकीतून निघालेले आकडे, दोन्ही बरोबर, आणि त्यांनीच ही पाळी आणली.

आम्ही ओढ्यावर पोचलो तेव्हा पाणी मधल्या धारेत आकसलं होतं. दोन्ही काठांची खडी उघडी पडली होती आणि तिच्यावर सकाळचं दहिवर गोठलं होतं. गुलाबी फिती कोरड्या दगडांवर लोंबत होत्या.

बाबांनी गाडीतली बादली काढली. धारेतून भरली आणि एका घरट्यावर ओतली. पाणी खडीत शिरलं आणि दिसेनासं झालं. त्यांनी पुन्हा भरली, पुन्हा ओतली. सत्तरीला टेकलेला माणूस, बूट भिजलेले, धापा टाकतोय आणि दगडांना पाणी घालतोय!

"बाबा, थांब. इट डझन्ट वर्क लाइक दॅट."

"काही अंडी तरी जिवंत असतील ना गं?"

"बाबा, प्लीज."

"अगं, एवढी तरी भिजू दे. ही दोन-तीन तरी."

रुहीनं गुडघे टेकले आणि हातांनी खडी उकरली. अंडी जिवंत असली तर नारिंगी असतात, आत डोळ्याचा काळा ठिपका दिसतो. तिच्या ओंजळीत आली ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी होती. तिनं दुसरं घरटं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग ती उकरायची थांबली आणि मोठ्यानं रडली. बाबांनी बादली खाली ठेवली. तिच्या पाठीवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. मी धातूचा आहे, मित्रांनो, मला रडता येत नाही. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला.

पुढच्या बैठकीत मंडळानं तिसरा आकडा मंजूर केला, अंड्यांसाठीचा. एकमतानं, बरं का. टाळ्याही वाजल्या म्हणे.

मधली दोन वर्षं ओढा रिकामाच असणार होता, तसा तो राहिला. तिसऱ्या शरदाची मात्र आम्ही वाट पाहिली. कुठेतरी मधल्या धारेत एखादं घरटं वाचलं असेल, चार पिल्लं समुद्रात पोचली असतील, अशी वेडी आशा. नवं यंत्र केव्हाच दुरुस्त होऊन आलं होतं, तरी रुहीनं मलाच आणलं. बाबांनी खुर्ची टाकली. तिनं मला पाण्यात धरून काठ ते काठ मोजलं.

नव्वद. बरोब्बर नव्वद. खोली हवी तेवढी, वेग हवा तेवढा, खडी स्वच्छ. मंडळानं कबूल केल्याप्रमाणे एक थेंब कमी सोडला नव्हता, आणि आता वसंतापर्यंत सोडणारही नव्हतं. आयुष्यात इतकं निर्दोष पाणी मी मोजलं नाही.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. दर शनिवारी आम्ही जायचो. एकही मासा आला नाही.

"पुढच्या वर्षी येतील," शेवटच्या शनिवारी बाबा म्हणाले.

"कोण येणार, बाबा?" रुही म्हणाली. त्या वेळी ती स्वच्छ मराठीत बोलली.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, नीट पेटीत ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. मी फुटलो तर दुसरा घडवता येईल. पण तुमच्यापैकी कुणी उद्या धरणाचं पाणी सोडायच्या चाकावर हात ठेवाल, तेव्हा मोजलेल्या आकड्यावर समाधान मानू नका. खाली ओढ्यावर चालत जा, वाका आणि दगडाखाली कोण आहे ते आधी बघा. ब्रॅकन क्रीकला आजही नव्वद वाहतंय. ते कुणासाठी वाहतंय, हे मला कुणी विचारू नका.