कुंपणावरची सोलापुरी चादर

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात अगदी तळाला, जिथे सहसा कुणाचा हात पोहोचत नाही, तिथे एखादी जुनी सोलापुरी चादर नक्की असेल. मी तसलीच एक. माझ्यात विशेष काही नाही. फक्त मी समुद्र पाहिला आहे. आणि तो आठवला, की माझे धागे अजूनही शरमेनं आखडतात.

माझा जन्म सोलापुरातल्या एका यंत्रमागावर झाला. काय तो आवाज! मागांच्या खडखडाटात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वेळी ओरडून बोलल्या जायच्या, कारण हळू बोललेलं तिथे कुणालाच ऐकू जात नसे. मरून रंग, मधोमध मोरांची जोडी आणि कडेला ठसठशीत अक्षरांत विणलेलं नाव, ‘सोलापूर’. आम्हा चादरींची एक गंमत सांगते. आम्हाला उलटी बाजू नसते! एकीकडे मरून जमिनीवर पांढरे मोर, तर दुसरीकडे पांढऱ्या जमिनीवर मरून मोर. कशाही पांघरा. नाव मात्र एकाच बाजूनं सुलटं वाचता येतं.

जुळे सोलापूर नावाच्या वस्तीतल्या एका घरी मी लग्नाच्या अहेरात आले. सुरुवातीला माझा केवढा थाट! पाहुणे आले की मलाच अंथरायचे. “चादर असावी तर अशी,” म्हणत ते माझ्यावरून हात फिरवायचे. मग घरात मऊ मऊ, फुलाफुलांची ब्लँकेटं आली. मी गच्चीवर गेले, माझ्यावर कुरडया वाळल्या. नंतर इस्त्रीच्या कपड्यांखाली गेले. आणि शेवटी कपाटाचा तळ.

त्या घरची मुलगी शिवलीला. आठवीपर्यंत तिचा आवाज शेजारच्या बाकालासुद्धा ऐकू जात नव्हता म्हणे. नववीत कुणास ठाऊक काय झालं, पोरगी एकदम फुलली! शाळेच्या स्वयंसेवक पथकाची ती प्रमुख झाली आणि डिसेंबरात पथक रत्नागिरीला निघालं. एक दिवस समुद्रकिनारा साफ करायचा आणि मग शहर पाहायचं. किल्ला, दीपगृह, थिबा राजवाडा, मत्स्यालय आणि होडीतून डॉल्फिन! खरं सांगू? घरात चर्चा डॉल्फिनचीच जास्त होती.

निघायच्या दिवशी तिच्या आजीनं, सुंदरम्मा अज्जीनं, मला कपाटातून ओढून काढलं.

“समुद्रावर लई वारं असतंय. ही ने.”

“अज्जी, पोरी ट्रॉली बॅगा आणणारेत, आणि मी काय चादर खांद्यावर टाकून जाऊ?”

“जा की! आणि हरवून येऊ नको. गावाचं नाव हाय तिच्यावर.”

अशी मी निघाले. बसमध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या वासात मी मनातल्या मनात मिरवत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला सोबत नेत होतं!

रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर पोरी बसमधून उतरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. मग अंकिता, शिवलीलाची जिवाभावाची मैत्रीण, ओरडली, “अगं, हे संपतच नाय की! आपल्या हिप्परगा तलावाची अज्जी हाय ही!”

सगळ्या खो-खो हसल्या आणि कामाला लागल्या. सकाळी पाणी आत आत सरकत होतं आणि वाळूवर बाटल्या, वेष्टनं, चपला, जाळ्याचे तुकडे उघडे पडत होते. पोरींनी मान वर न करता ते वेचलं. दुपारपर्यंत गोण्यांचा मोठा ढीग झाला. कुणाच्या हाताला काच लागली, कुणाची पाठ भरून आली, पण तक्रार एकीचीही नाही. त्या सकाळी मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

पथकासोबत आलेले प्रभु सर बस आणायला जाताना बजावून गेले होते, “गोण्या वर, सुरूच्या झाडांखाली नेऊन ठेवा. संध्याकाळी घंटागाडी येईल.”

झाडं लांब होती. गोण्या ओल्या, जड. आणि डोंगरावरचं दीपगृह पाहायला आत सोडतात ते ठरावीक वेळेपुरतंच.

“ओढत बसलो तर दीपगृह गेलं बघा,” शिवलीला म्हणाली. “राहू दे की हितंच. पाणी तर मागंच चाललंय!”

मित्रांनो, ही चूक फक्त आमच्याकडची माणसंच करू शकतात. सोलापूरकरांनी पाणी कुठे पाहिलेलं असतं? नळाला आणि तलावात. आमच्या तलावाचं पाणी एकदा मागे सरलं, की ते पुढच्या पावसाळ्याशिवाय परत येत नाही. उघड्या पडलेल्या गाळात लोक पिकंसुद्धा घेतात. भरती-ओहोटीचा धडा पोरींना तोंडपाठ होता. शिवलीलाच्या आकृतीला तर बाईंनी ‘सुंदर’ असा शेरा दिला होता. पण धडा पुस्तकात राहिला आणि डोळ्यांनी तलाव पाहिला.

कुत्र्यांनी गोण्या फाडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर पांघरलं, कडेला दगड ठेवले आणि पोरी दीपगृहाला जायला नाचत बसकडे पळाल्या.

मग पाणी आलं. आधी नुसता ओलावा, मग फेस. मग एक लाट माझ्या पोटाखाली शिरली आणि तिनं मला दगडांसकट उचललं. खालच्या गोण्यांची तोंडं सुटली. सकाळभर वेचलेली एकेक बाटली माझ्यासमोरून डुलत डुलत समुद्रात परत निघाली. मला हात असते तर! मी फक्त जड होत गेले, गुंडाळत गेले आणि शेवटी एका होडीच्या दोराला अडकले. माझ्या घडीत चिप्सची वेष्टनं भरली होती.

मावळतीला पोरी गोण्या घंटागाडीत द्यायला परतल्या. दीपगृहावरून आख्खं शहर कसं दिसतं, खाली लाटा कशा फुटतात, सगळ्या एकदम बोलत होत्या. मग त्या किनाऱ्यावर आल्या. गोण्या होत्या तिथे पाणी होतं. फक्त पाणी.

त्या होडीच्या मालकीण द्वारका मावशी. त्यांनी मला दोरातून सोडवलं, पिळलं आणि उलगडलं. माझ्यातून कचरा भसाभस वाळूवर पडला. दोन्ही हातांनी मला धरून त्यांनी काठ वाचला.

“ही तुमची काय गो पोरींनो?”

शिवलीलानं माझ्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली असं मी म्हणते, तुम्ही हसा हवं तर.

“नाही,” ती म्हणाली. “आमची नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. “मग सोलापुरातनं एकटीच चालत आली असेल. दमली असेल बिचारी.”

पोरी खाली मान घालून रस्त्याकडे गेल्या. तिथे प्रभु सर बसजवळ उभे होते. “गोण्या गेल्या का?” त्यांनी विचारलं.

“गेल्या सर,” शिवलीला म्हणाली. गेल्याच होत्या म्हणा.

मावशींनी मला घरामागच्या विहिरीच्या पाण्यात बुचकळलं आणि रस्त्याकडेच्या कुंपणावर वाळत घातलं, नाव रस्त्याच्या बाजूला करून. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा-जाणारा थांबून वाचायचा. “सोलापूर? इथे कुठून?” मावशी सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, “पाहुणी आहे. तिची माणसं यायची आहेत.”

मला वाटत होतं, वाऱ्यानं उडून जावं. अज्जीचं बोलणं आठवत होतं. एवढी वर्षं मी ते नाव मिरवलं, आणि आज कुणी ते वाचूच नये असं वाटत होतं. मला दोन्ही बाजूंनी पांघरता येतं, पण लाज झाकायला एकही बाजू पुरत नव्हती.

तेवढ्यात पोरींची बस आली. आज राजवाडा, मत्स्यालय, होडी, डॉल्फिन. खिडकीत शिवलीला बसली होती. बस माझ्या समोरून गेली. ‘सोलापूर’ तिनं वाचलं, मला दिसलं. बस पुढे निघून गेली.

वळणापाशी ती करकचून थांबली.

दारातून शिवलीला उतरली. तिच्यामागे अंकिता, “अगं शिवे, डॉल्फिन जातील की!” असं म्हणत म्हणतच उतरली. कुंपणाशी आल्यावर कालची पथकप्रमुख कुठे गेली कोण जाणे. आठवीतला तो बारीक आवाज परत आला होता.

“मावशी, ही माझी हाय. काल मी खोटं बोलले. गोण्या आम्हीच खाली ठेवल्या होत्या.”

“म्हायती होतं गो मला.” मावशींनी मला कुंपणावरून काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही. “कचरा गेला त्याचं एवढं नाही. माणसं चुकतात. पण हिला नाही म्हणालीस ना, ते लागलं मला.”

शिवलीला ढसाढसा रडली. प्रभु सर खाली उतरले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “मी पण बघायला हवं होतं. आता काय करायचं, ते प्रमुखांनी सांगावं.”

प्रमुखांनी नाक पुसलं. समुद्राकडे पाहिलं. या वेळी आधी विचारलं, “मावशी, पाणी परत कधी येणार?”

त्या दिवशी पथकानं राजवाडा पाहिला नाही, डॉल्फिनही नाही. दोघी-तिघी रुसल्या, एक तर बसमध्येच बसून राहिली आणि तासाभरानं स्वतःहून आली. भरलेली प्रत्येक गोणी आधी सुरूच्या झाडांखाली जात होती. पण कालच्या ढिगाचं निम्मंही परत मिळालं नाही. उरलेलं समुद्रानं कुठे नेलं, कुणाच्या जाळ्यात, कुठल्या माशाच्या पोटात, ते मला माहीत नाही. ही लाज मात्र धुऊन निघत नाही.

निघताना मावशींनी मला घडी करून शिवलीलाच्या खांद्यावर टाकलं. “पुढल्या वेळी ये, डॉल्फिन इथेच आहेत,” म्हणाल्या.

आता मी परत जुळे सोलापुरात आहे. माझ्या एका मरून मोरावर खाऱ्या पाण्याचा पांढरा डाग कायमचा बसला आहे. अज्जी म्हणाली होती, डाग खाली जाईल अशी अंथर. शिवलीला ऐकत नाही. पाहुणे आले की ती मला कपाटातून काढते आणि डाग वर, नाव सुलटं, अशी अंथरते. कुणी विचारलंच, तर कान लाल होईपर्यंत सगळं स्वतः सांगते.

मित्रांनो, तुम्हीही कुठे कुठे फिरायला जाल. जरूर जा, दीपगृहावर चढा, पोटभर समुद्र पाहा. पण तिथल्या माणसांना आधी चार गोष्टी विचारा. तुमच्या गावाचं नाव तुमच्या काठावर विणलेलं नसलं, तरी लोक ते वाचतातच. आणि कधी चुकलात, कुणी ओली, मळकी चादर समोर धरून विचारलं, “ही तुमची काय?” तर पहिल्याच वेळी हो म्हणा. दुसऱ्या वेळेची वाट पाहत कुंपणावर लटकणं फार अवघड असतं.