तांदळाएवढा तुकडा

दिएपला थाच डॉक्टरांची अशी किळस आली होती की त्यांच्याशेजारी उभं राहवेना. हाई फोंग शहरातल्या त्या इस्पितळाच्या लॅबमध्ये मेणात बसवलेले माणसांचे तुकडे तपासणीसाठी पातळ कापण्यात तिची बारा वर्षं गेली होती, पण कधी कशाची घाण वाटली नव्हती.

तुकडा होता मिएन मावशींच्या फुप्फुसाचा, तांदळाच्या दाण्याएवढा. बाजारात खेकड्याचे नूडल्स विकणारी बाई, जन्मात सिगारेट ओढली नाही, आणि तिला कॅन्सर. असल्या बायकांच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड सापडला, तर रोजच्या एका गोळीवर माणूस पुन्हा उभं राहू शकतं. म्हणून आधी जनुकासाठी काप राखायचे, मग बाकीचं, असा लॅबचा रिवाज. पण साहेबांना परिषदेत मिरवायला सूक्ष्मदर्शकातले देखणे फोटो हवे होते. "अजून एक काप घे, कडा नीट आली नाही," असं करत करत त्यांनी सगळा तुकडा संपवला. उरलं नुसतं मेण.

"जनुकाचं काय लिहू, सर?"

"लिही, बिघाड आढळला नाही." ते मोबाईलवर फोटो मोठा करून बघत होते.

"तपासलंच नाही तर आढळेल कुठून? असं लिहिलं की पुन्हा कुणी बघणारसुद्धा नाही. गोळीचा रस्ताच बंद."

"अगं, घरच्यांनी तिला कॅन्सर आहे हेही सांगितलेलं नाही. टीबी म्हणून सांगितलंय. विचारणार कोण? आणि ब्लेड कुणाच्या हातात होतं, तुझ्याच ना?"

चोर तो चोर, वर शिरजोर. पण ब्लेड तिच्याच हातात होतं, नाही म्हणायला तोंड उघडलं नव्हतं, आणि आता तिला स्वतःचीही शिसारी आली.

तिने अहवालात लिहिलं: तपासणी झाली नाही. नमुना आमच्याकडून वाया गेला. गाठीचे अंश रुग्णाच्या रक्तातही सापडतात, त्यावर करून पाहावी. खाली सही ठोकली आणि साहेबांच्या सहीची वाट न बघता कागद घेऊन वॉर्डाकडे निघाली.

मावशींची मुलगी उयेन दाराबाहेर बसली होती. दिएपने तिला सगळं सांगितलं, फोटोंसकट. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेली होती.

उयेनने कागद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाही वर सारली.

"ताई, माझं घ्या. आईच्या अंगात आता कुठे उरलंय रक्त."