गोठ्यातली खाट
देवाजी पाटलानं बायकोची खाट गोठ्याच्या पडवीत हलवली आणि वर बैलांना जागा कमी पडते म्हणून कुरकुरला. रुखमा नर्सनं हे पहिल्याच दिवशी ऐकलं. त्या माणसाबद्दलचं तिचं मत तिथंच पक्कं झालं. पुढे ते बदलावं असं त्यानं काही केलंही नाही.

रुखमा मूळची वरोऱ्याची, नागपुरात शिकून नागभीडच्या दवाखान्यात लागलेली. देवाजीच्या बायकोच्या, गुणाबाईच्या, छातीत गाठ झाली होती. लाजेपायी तिनं ती वर्षभर लपवली. सांगितली, तर देवाजीनं वैदूकडून बिब्ब्याचा लेप लावून घेतला. कातडी जळाली, गाठ फुटली. मग नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, हाडात उतरलाय, आता कापून उपयोग नाही. जखम स्वच्छ ठेवा, वेदना कमी करा.

तेवढ्यासाठी रुखमा दर दोन दिवसांनी दीड कोस चालत यायची. मीठ घालून उकळलेलं पाणी निववून जखम धुवायची, न घासता टिपायची, पट्टीवर कुटलेल्या कोळशाची पुरचुंडी बांधायची. कोळसा वास ओढून घेतो. देवाजी मात्र दारातच उपरण्यानं नाक धरून उभा राहायचा. जेवणाचं ताट काठीनं आत सरकवलं जायचं.

"उडून लागते म्हणतात," तो म्हणाला.

"खोकला उडून लागते, पाटील. हे नाई. हे आपल्याच अंगातलं मांस बेलगाम वाढते."

"तुमाले काय मालूम? तुमी नोकरी करून राह्यल्या."

 रुखमा खाटेवर टेकली, गुणाबाईच्या ताटातला भात कालवला आणि दोन घास खाल्ले. पाटलाला कॅन्सरचा विसर पडला, रुखमाची जात आठवली.

"ताट बाटलं," तो म्हणाला.

बायको सडत होती ते चाललं, ताट बाटलेलं चालेना. रुखमाला त्याचा राग येणंही थांबलं होतं. रागवायला समोर निदान माणूस लागतो.

"बाटलं तर राहू द्या इथी," गुणाबाई म्हणाली. "मले चालते. तुमाले वास येते, माह्या नाकाले येत नाई का? मी कुठी पळू?"

देवाजी निघून गेला. वैरण टाकायला आलेली सून कमळा मात्र तिथंच थांबली. पुढच्या खेपेला ती पट्टी बांधायला शिकते म्हणाली. गाठ मारताना ती रुखमाच्या कानाशी वाकली.

"बाई, मलेही आहे," ती हळूच म्हणाली.

रुखमानं तिला आडोशाला नेऊन तपासलं. डाव्या बाजूला चिंचोक्याएवढी, टणक, बोटाखाली न सरकणारी गाठ. वरची कातडी किंचित आत ओढलेली. काखेत अजून गाठ उतरली नव्हती.

"दुखते?"

"नाई. म्हणून तर गप्प होती."

"न दुखणाऱ्या गाठीलेच जास्त भ्याचं. उद्याच्या गाडीनं नागपूरले जा."

देवाजी म्हणाला, भाताची रोवणी तोंडावर आहे. शिवाय सून कापून घेऊन आली तर सोयऱ्यांत काय तोंड दाखवायचं? कमळाचा नवरा चैतू बापाकडे पाहत राहिला. पंचविशी उलटलेला गडी, पण मान हलवायलाही त्याला बापाची परवानगी लागायची. रुखमाला वाटलं, या घरात बापापेक्षा बैल बरे आणि लेकापेक्षा त्यांचं जू बरं.

"चैतू, इथी ये," गुणाबाईनं हाक मारली. तो आला तशी तिनं स्वतःच्या हातानं पट्टी सोडली. "पाह्य. तोंड फिरवू नको. मी लाजली आन् तुह्या बापानं लेप लावला, तं हे झालं. तुह्या बायकोचं असंच करतं का?"

चैतूनं पाहिलं. मग तो अंगणात जाऊन बराच वेळ उकिडवा बसला. पहाटे त्यानं बापाला न विचारता बैलगाडी जुंपली आणि कमळाला स्टेशनावर नेलं.

नागपुरात कमळाचा स्तन काढावा लागला, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आली. दीड महिन्यानं ती परतली तेव्हा गुणाबाई गेली होती. शेवटचे अकरा दिवस रुखमा रोज आली, दुखणं थांबवायचं औषध वेळेवर देत राहिली, कूस बदलत राहिली. देवाजी दारापर्यंत आला, तोही ती जिवंत असतानाच तिला तेराव्याच्या सामानाची यादी विचारायला.

कमळाचा डावा हात वर जात नव्हता. रुखमा तिला भिंतीशी उभी करून बोटं पायरीपायरीनं वर चढवायला लावायची. एकदा देवाजी पाहुण्यांना घेऊन तिथंच ओसरीवर बसला होता.

"लोक लाजतात," तो सांगत होता. "मी म्हटलं, सुनेचा जीव पयले. त्याच दिवशी धाडली नागपूरले."

कमळानं रुखमाकडे पाहिलं.

"तिकडं नको ध्यान देऊ," रुखमा म्हणाली. "हात वर घे."