यादीतला सातवा

"लिवा ना काका, फॉरेनर. दिसतंय की सगल्यांना." रोह्याच्या संघाचा कप्तान जितेश टेबलावर ओणवा झाला. "आनि नियम बी वाचा. औटसायडर चालनार नाय."

महिपतींनी उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावलं. रोह्याच्या मैदानावर कबड्डीचा उपांत्य सामना, पुढ्यात इंग्रजीत छापलेली यादी, आणि कासूच्या सातव्या खेळाडूसमोर शेऱ्याचा रकाना कोरा. हा सातवा म्हणजे केनियाचा केविन. नागोठण्याजवळ एका कंपनीत इंजिनिअर, आणि दोन वर्षं कासूत बायजाबाईंचा भाडेकरू. बिचारा रेघेपाशी उभा राहून महिपतींच्या हाताकडे बघत होता.

पेणच्या कचेरीत महिपतींनी जन्मभर कारकुनी केली, पण नाव झालं ते गुणलेखक म्हणून. राहायला कासूला, तरी कासूला कधी एक गुण फुकट दिला नाही. मेव्हण्याचा गणेश पनवेलला राहायला गेला, तेव्हा बाहेरचा म्हणून त्यालाही यादीतून कापला. मेव्हण्याने वर्षभर अबोला धरला. आज डोळेझाक केली तर पंचवीस वर्षांच्या नावावर पाणी पडणार, आणि लिहिलं तर वर्षभर घाम गाळलेलं पोर बाहेर बसणार.

बाहेर बसणं म्हणजे काय, ते महिपतींना चांगलं ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी ते माणगावहून कासूला घरजावई म्हणून आले. त्या वर्षी संघात नाव दिलं, तर कुणीतरी 'बाहेरचा' म्हणून खोडलं. त्यानंतर त्यांनी खेळायला म्हणून मैदानात पाऊल टाकलं नाही. गाव अजूनही त्यांना जावईच म्हणतं.

साहेबांची पत्रं उतरवता उतरवता शब्द पारखायची खोड लागलेली. स्ट्रेंजर? केविनला तर कासूची कुत्रीसुद्धा ओळखतात. एलियन सरकारी कागदावर ठीक, जित्या माणसापुढे लिहायला हात धजेना. उरले दोन, फॉरेनर आणि औटसायडर.

तेवढ्यात प्रेक्षकांतून बायजाबाई उठल्या. "अवो जावय, गावची इहीर उपसाया माज्या घरची पाली कोनी केली, ता सांगा की त्यांना."

महिपती चपापले. विहीर उपसायच्या पाळीला दर घरचा एक गडी द्यायचा, ही गावकीची जुनी रीत. बायजाबाई एकट्या, म्हणून दोन्ही वर्षं केविन कमरेएवढ्या गाळात उतरला होता. त्याचं नाव पाळीच्या वहीत महिपतींनीच तर लिहिलं होतं.

"जितेश, फॉरेनर म्हंजे देशाभायेरचा. औटसायडर म्हंजे गावाभायेरचा," ते सावकाश म्हणाले. "ह्यो देशाभायेरचा हाय, गावाभायेरचा नाय. पालीत ज्याचा नाव, तो गावचा. तुमच्याकडं येगला हाय का काय?"

जितेशने डोकं खाजवलं. तोही गावकीतलाच पोरगा. "पाली केली म्हंजे बोलना खुटला," तो हसला. "मंग तुमी वो काका? तुमी करता पाली?"

"पस्तीस वर्सं झाली."

"मंग कदी खेललात का नाय?"

खाली मान घालून महिपतींनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, फॉरेनर. आणि त्यापुढे गावाचं नाव, कासू.

कासू दोन गुणांनी हरलं. पण केविनच्या चढाया अशा रंगल्या की रोहेकरही उभे राहून टाळ्या पिटत होते. सामना संपताच तो मातीने माखलेला टेबलापाशी आला आणि महिपतींचा हात धरून म्हणाला, "काका, एक चढाई. चला."

"येडा का काय तू," महिपती म्हणाले. पण वहाणा तोवर पायांतून निघाल्या होत्या.

त्यांनी माती कपाळाला लावली, धोतर खोचलं आणि रेघ ओलांडली. साठीच्या छातीतून कबड्डी, कबड्डी असा बारीक आवाज निघाला. समोर जितेशचे सातही गडी हसत हात पसरून उभे.

"नीट पकडा रं," बायजाबाई ओरडल्या. "आमच्या कासूचा गडी हाय."

जितेशच्या खांद्याला हात लावून महिपती परत आले. तो गुण लिहायला टेबलावर कुणीच नव्हतं.