घट्ट रंग माझ्या गळी

मी एअरब्रश बोलतोय. हवेच्या जोरावर रंग फवारतो. माझं नाक सुईएवढं आहे. सगळं गाऱ्हाणं त्या नाकाचंच.

कारखान्यातून निघालो तेव्हा लखलखत होतो. श्रेयाने मला पुण्याहून सांगवीला आणलं, आजोबांसाठी. सोबत जोडायच्या, मांडीवर मावेल एवढ्या छोट्या ट्रॅक्टरचे धातूचे सुटे भाग. आजोबा म्हणजे सावळाराम; त्यांची थोरली बहीण साखरबाई. तिने तरुणपणी असाच लाल ट्रॅक्टर चालवला होता. आता तिची नजर गेली आहे. निदान हातांना तरी तो पुन्हा भेटावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा.

इच्छा चांगली. माणूस हट्टी.

"आबा, ऑइलपेंट थिनरनं पातळ करा. दुधाइतका," श्रेया सांगून गेली.

"दुधाइतका म्हणं! जन्मभर डेअरीवर पाणी घातलेलं दूध परत धाडलं. आता मीच भेसळ करू व्हय?"

"आवं, भेसळ न्हाय, रीत हाय ती," आजी, कौसल्याबाई, म्हणाल्या.

"गावात बैलांची शिंगं कोण रंगवतं? मला शिकवू नगंस."

शिंगांचा तो घट्ट रंग माझ्यात ओतला. मी खोकलो, थुंकलो, तुंबलो. शिव्या मलाच. मग त्यांनी शिंगांचा ब्रश घेऊन जोडलेल्या ट्रॅक्टरवर जाड थर चढवला. मला न धुता खिडकीत टाकलं. रंग पोटात वाळला.

साखरबाई इंदापूरहून आल्या. ट्रॅक्टर मांडीवर घेतला. बोटं पुढच्या जाळीवर गेली, अडली, माघारी फिरली.

"सावळ्या, जाळी कुठं हाय रं? चिखलात रुतलावता व्हय?"

"आक्का, रंगाचे चांगले दोन हात दिल्यात."

"तेच बसल्यात तिच्या उरावर. ह्यो माझा ट्रॅक्टर न्हाय."

म्हातारा ट्रॅक्टर उचलून खिडकीपाशी आला. दुपारी त्याने थिनरने सगळा रंग खरवडून काढला. माझी सुई उपसली, नाक पुसलं. मग तोंड वाकडं करून रंगात थिनर ओतलं. रंग दुधाइतका पातळ होईपर्यंत. मी फवारलो. मधेच एक वाळकी खपली थुंकलो, पण निभावलं.

दुसऱ्या दिवशी साखरबाईंचं बोट जाळीच्या प्रत्येक गजावरून फिरलं. मग त्यांनी भावाला कोपराने ढोसलं.

"सरक बाजूला. मी चालवते."

दोघंही पोट धरून हसली. त्या हसण्यात मला धुवायचं राहून गेलं. मी पुन्हा खिडकीत आहे. रंग वाळतोय. थिनरचा डबा शेजारीच आहे हो, कुणीतरी उठा!