उन्हाळी कार्ड! किल्ली!

दुकानात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर भोंगाताई, पाठीमागे नुसतं भोंगा, आणि तिला दोन्ही ऐकू येत, कारण कानही तिचे आवाजाइतकेच ठणठणीत होते. आवाज तिने कमावलेला नव्हता, जन्मजात होता. लहानपणी तिने बहिणीला गुपित सांगितलं की शेजारचे त्यावर आपलं मत द्यायचे. पुढे या मोठ्या किराणा दुकानात काउंटरवर नोकरी लागली आणि ज्या आवाजापायी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याच आवाजाचं एकाएकी कौतुक सुरू झालं.

कौतुकाला कारण उन्हाळी कार्ड. शाळा चालू असते तेव्हा पोरं दुपारचं शाळेतच जेवतात. सुट्टी लागली की शाळेचं स्वयंपाकघर बंद, पण पोरांच्या भुकेला सुट्टी नसते. म्हणून ज्या घरात कमाई बेताची आणि पोरं शाळेच्या वयाची, त्या घराला सरकार सुट्टीपुरतं एक पिवळंधमक कार्ड पाठवतं. त्यावर दूध, अंडी, तांदूळ, फळं मिळतात. साबण मिळत नाही. पोराने जेवावं, पण जेवल्यावर हात धुतलेच पाहिजेत असं काही नाही, असं कुणा साहेबाच्या मनात आलं असावं. तर चुकूनमाकून एखादी साबणाची वडी निसटू नये म्हणून हे कार्ड लावलं की बिलाचं मशीन अडून बसायचं. सुपरवायझरने यायचं, सामान उलटंपालटं करून बघायचं, कमरेची किल्ली लावून फिरवायची, मग गाडी पुढे.

सुपरवायझर माणूस भला, पण अंगाने आणि स्वभावाने जड. दुकानाच्या पार मागे एका कोंदट खोलीत पंख्याखाली बसलेला असायचा. बाकीच्या काउंटरवरच्या मुली बेल दाबून दाबून टेकीला यायच्या. भोंगाताई एकदाच छाती भरून घ्यायची.

"उन्हाळी काऽऽर्ड! किल्लीऽऽ!"

सुपरवायझर दचकून उठायचा. रांगेतली माणसं माना लांब करून बघायची, कार्ड कुणाचं आणि टोपलीत काय काय. ज्या बाईचं कार्ड असेल ती तेवढ्यात काउंटरपाशी ठेवलेल्या च्युइंगमच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला लागायची. भोंगाताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्यामुळे या बायकांचा खोळंबा होत नाही, असंच तिला मनापासून वाटायचं.

या सुट्टीत ते कार्ड तिच्याच घरी आलं.

नवरा फर्निचर पोचवणाऱ्या गाडीवर कामाला होता. कुणाचं तरी तीन दारांचं कपाट जिन्यात निसटलं आणि त्याच्या कमरेवर येऊन बसलं. कपाटाला ओरखडासुद्धा आला नाही. नवरा तेव्हापासून पलंगावर आडवा होता आणि छताकडे बघत घरातल्या सगळ्यांना सल्ले देत होता. दोघी मुली सुट्टीमुळे दिवसभर घरात. सकाळचं खाऊन हात वाळायच्या आत दुपारची चौकशी सुरू.

पाकीट सासूबाईंनी फोडलं. कार्ड उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. तुझं तर हक्काचं दुकान. स्वतःच ओरडायचं आणि स्वतःच लाजायचं."

"आई, हळू बोला ना!"

"मी हळूच बोलतेय. तूच गप्प बस, खालच्या मजल्यावर कळेल."

भोंगाताईने कार्ड चमच्यांच्या खणात सगळ्यात खाली सरकवलं. दुकानात हे कळता कामा नये, एवढं एकच तिने मनाशी धरलं. काउंटरची ती हातभर रुंद फळी तिला फार प्रिय होती. फळीच्या पलीकडे कार्डवाल्या बायका, अलीकडे ती. फळी ओलांडून पलीकडे उभं राहायचं, आणि तेही सगळ्यांच्या देखत, हा विचारसुद्धा तिला नको व्हायचा. तिला लाज वाटत होती. सरळ सांगायचं तर दुसरं काही नव्हतं, नुसती लाज होती.

मग दुधात पाणी वाढलं. अंड्यांची नुसती आठवण निघू लागली. नवऱ्याने छताकडे बघत सांगितलं की कमी खाल्लं की माणूस चपळ होतो, त्यावर सासूबाईंनी त्याला उठून चपळाई दाखवायला सांगितली. हे सगळं भोंगाताई रेटून नेत होती. पण एका दुपारी धाकटी रिकामी वाटी बोटाने पुसत म्हणाली, "आई, शाळा कधी सुरू होणार गं?" ऐन सुट्टीत हा प्रश्न विचारणारं पोर भोंगाताईने आजवर पाहिलं नव्हतं. तिने चमच्यांचा खण उघडला.

आपल्या दुकानात जायचा प्रश्नच नव्हता. दोन बस बदलून, धाकटीला घेऊन, ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल. गॉगल मोठा होता आणि दर चार पावलांनी नाकावरून घसरत होता, पण ओळखणार कोण? टोपली भरली. दूध, अंडी, तांदूळ, बटाटे, धाकटीने स्वतः निवडलेली लालभडक सफरचंदं. रांगेतून पुढे सरकून तिने कार्ड पालथं करून फळीवर ठेवलं.

इथलीही पद्धत तीच. पण काउंटरवरची मुलगी नवखी होती आणि तिचा आवाज जेमतेम ओठांपर्यंतच पोचत होता.

"उन्हाळी कार्ड... किल्ली..."

टोपलीतल्या बटाट्यांनाही ऐकू गेलं नसेल. मुलीने बेल दाबली. बेल बिघडलेली. पुन्हा म्हणाली, पहिल्याहून हळू. रांग वाढत वाढत थेट तेलाच्या डब्यांपर्यंत गेली. कुणाचं आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं. एक माणूस म्हणाला, "झोपलेत का काय सगळे?" नवख्या मुलीचे डोळे भरून आले.

भोंगाताईला लाज वगैरे सगळं होतं, पण रांग तुंबलेली तिला बघवत नाही. इतक्या वर्षांचा हात, म्हणजे गळा. तिने थोपवायच्या आत छाती आपोआप भरली.

"उन्हाळी काऽऽर्ड! किल्लीऽऽ!"

अख्खं दुकान जागच्या जागी थांबलं. मागच्या बाजूला काहीतरी पडून फुटलं. तिथला सुपरवायझर तोंडातला घास तसाच ठेवून धावत आला. गॉगल फळीवर पडला.

"आई," धाकटी म्हणाली, "आपण लपून आलो होतो ना?"

जमिनीने पोटात घेतलं असतं तर भोंगाताईची काही तक्रार नव्हती. जमिनीने घेतलं नाही. उलट मागून कुणीतरी म्हणालं, "गॉगल लावलात, पण आवाज कसा झाकणार?"

मागे शिंपीणबाई उभी होती. भोंगाताईच्या दुकानासमोरच तिचं शिवणाचं दुकान. गेल्या उन्हाळ्यापासून तिने भोंगाताईकडे सामान घ्यायला येणं सोडलं होतं, आणि भोंगाताईने त्याचा अर्थ बाई आता श्रीमंत झाली, असा लावून तो चार जणींना सांगितलाही होता. शिंपीणबाईच्या हातात, पाकिटाआड अर्धं दडवलेलं, पिवळं कार्ड होतं.

"तुम्ही इतक्या लांब कशा?" भोंगाताईने विचारलं.

"तुमच्यासारखीच. दोन बस बदलून."

"अहो, पण आपलं दुकान तुमच्या दारासमोर!"

"म्हणूनच तर." शिंपीणबाई शांतपणे म्हणाली. "मागच्या सुट्टीत तुम्ही ओरडलात तेव्हा माझ्या मागे माझंच गिऱ्हाईक उभं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाई ब्लाउज टाकायला आली. कापड दिलं आणि म्हणाली, उरलेलं कापड आठवणीने परत द्या हं. बारा वर्षं शिवतेय मी तिचं. असं कधी बोलली नव्हती."

शिंपीणबाई रागावून बोलली असती तर भोंगाताई रागावून उत्तर देऊ शकली असती. ती सोयही तिने ठेवली नाही.

परतीला पुन्हा दोन बस. धाकटीने वाटेतच दोन सफरचंदं संपवली. त्या बायका च्युइंगमची पाकिटं इतकी मन लावून का वाचत होत्या, ते भोंगाताईला आता कळत होतं, आणि एकेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तिने सुपरवायझरला गाठलं. "ती कार्डाची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवा. सामान मी बघेन."

"किल्ली माझ्याकडेच असते. नियम आहे."

"बरं," भोंगाताई म्हणाली, आणि काउंटरवर जाऊन बसली.

पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. साधा रोखीचा व्यवहार.

"दातांचे डॉक्टर! चॉकलेटंऽऽ! पाच पाकिटं! किल्लीऽऽ!"

रांगेने माना लांब केल्या. डॉक्टर च्युइंगमची पाकिटं वाचायला लागले. सुपरवायझर धापा टाकत आला. "अहो, याला किल्ली लागत नाही!"

"खात्री करून घेतलेली बरी."

त्यामागून सोसायटीचे अध्यक्ष आले. "अध्यक्षसाहेब! केस काळे करायचा रंऽऽग! किल्लीऽऽ!" मग एक जाडजूड बाई, जी सगळ्यांना आहाराचे सल्ले देत फिरायची. तिच्या केकची बातमी तर रस्त्यापलीकडे गेली. दुपारपर्यंत सुपरवायझरच्या इतक्या चकरा झाल्या की वर्षभरात झाल्या नसतील. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुमचं बिनसलंय काय?" तो फळीला टेकून म्हणाला. "माझा जीव घेताय का?"

भोंगाताईला ते आधी सांगायचं नव्हतं. पण आता मागे फिरणं तिच्या जिवावर आलं. ती पुढे वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मात कधी केला नव्हता इतका प्रयत्न करून आवाज खाली आणला.

"माझ्याही घरी आलंय ते कार्ड. वापरायला मला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. कारण इथे मी आहे."

तिच्या मते ती कुजबुजली. दुकान चिडीचूप झालं. दुधाच्या फ्रीजपाशी उभी असलेली माणसं वळून बघत होती. भोंगाताईचे कान लालबुंद झाले, पण तिने मान खाली घातली नाही.

तेवढ्यात मटणाच्या काउंटरवरच्या कामगाराचा आवाज आला. "आमच्याकडेही आलंय की. फ्रीजवर तसंच पडलंय. काढायची हिंमत नाही, भोंगा ड्युटीवर असते ना!"

कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझर हसला नाही. त्याने जुडगा कमरेवरून काढला आणि ती एक किल्ली सोडवायला लागला. कडी घट्ट होती, नख दुखावलं, दोनदा चुकीची किल्ली निघाली. शेवटी त्याने ती तिच्या मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"साबण बघत जा फक्त."

"बघेन की," भोंगाताई म्हणाली. त्या सुट्टीत तिच्या काउंटरवरून किती साबण गेले ते तिचं तिलाच ठाऊक.

संध्याकाळी ती आपला कामाचा ॲप्रन घेऊन समोरच्या शिवणाच्या दुकानात गेली. खिसा उसवला होता, म्हणजे जाताना तिनेच उसवला होता. "किल्ली आता माझ्याकडेच असते," तिने सांगितलं. "चुकलं माझं." शिंपीणबाईने खिसा उलटा करून बघितला, सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसली.

बरेच दिवस ती आली नाही. रोज दार उघडलं की भोंगाताई मान वर करायची. मग एका गर्दीच्या सकाळी, रांगेत तिसरी, शिंपीणबाई उभी दिसली. तिने टोपली रिकामी केली आणि कार्ड फळीवर ठेवलं. उलटं नाही, सुलटं. मशीन अडलं. शिंपीणबाईचे डोळे सवयीने च्युइंगमच्या पाकिटांकडे गेले.

भोंगाताईने किल्ली फिरवली. मशीन पुढे सरकलं. कुणाची मान वळली नाही, कारण वळायला काही झालंच नव्हतं.

शिंपीणबाईने पाकिटांवरची नजर हळूहळू वर केली.

"पिशवी हवी का?" भोंगाताईने विचारलं, तिच्या मते अगदी नाजूकपणे.

अख्ख्या दुकानाने वळून बघितलं.

शिंपीणबाईला हसू आवरेना. हसता हसता तीही तितक्याच मोठ्याने ओरडली, "नकोऽऽ! दोन बस वाचल्या, तेवढं पुरे!"