काचेपलीकडचं बोलणं

मागांच्या शेडमध्ये आवाज काढून कुणी बोलत नाही. काढून करायचंय काय? सगळे माग एकदम खडखडायला लागले की माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. तिथं नुसते ओठ हलवायचे. आवाज घशातच ठेवायचा, ओठ मात्र मोठे, सावकाश. समोरची बघते आणि तशीच उत्तर देते. नवी बाई आली की काही महिने बावळटासारखी इकडेतिकडे बघते, मग एक दिवस अचानक तिला सगळं दिसायला लागतं. कुणाच्या सासूनं काय घोळ घातला, कुणाचं डोकं दुखतंय, कोण कुणावर जळतंय. खिडकीतून येणाऱ्या उजेडात कापसाचं रूं तरंगत असतं आणि त्या धुरकट हवेत बाया माशांसारखी तोंडं उघडतात, मिटतात. पाण्याखाली गाव वसवल्यासारखं वाटतं बघा.

थोरलीचं अर्धं आयुष्य त्या पाण्याखालीच गेलं होतं. शेडमधली सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली. तिच्या शेजारच्या मागावर चांदणी. चांदणीच्या गालावर आधी एक पांढरा डाग उठला, मग कपाळावर, मग हातांवर. कोड. लागत नाही, दुखत नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं. पण लोकांची नजर लागते त्याचं काय? नाव तिनं स्वतःच घेतलं. म्हणाली, "कुजबुजता कशाला, सरळ चांदणी म्हणा की!"

शेडच्या टोकाला काचेची खोली होती. गिऱ्हाईक तिथं बसून कापडाचे नमुने बघायचं. तिथली बाई काम सोडून गेली आणि जागा चांदणीला मिळणार हे सगळे धरून चालले होते. कापडातला दोष तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. साहेबांनी मात्र कालपरवा आलेल्या मुलीला बसवलं.

का, ते थोरलीनं बघितलं होतं. चांदणी तेव्हा पाठमोरी होती, तुटलेला धागा जोडत होती. काचेपलीकडे साहेब तिच्याकडे बोट करून गिऱ्हाइकाला हसत म्हणाले, "हिला इथं उभी केली, तर लोक कापडाला हात लावायचे नाहीत."

थोरलीला वाटलं, न सांगितलेलं बरं. दुपारी जेवताना सांगितलंच. चांदणीनं डबा झाकला, हात धुतले आणि सरळ कामगार कार्यालयात जाऊन तक्रार दिली, साक्षीला थोरलीचं नाव घालून.

थोरलीचा नवरा त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचा. तो घरी तडकला. "आपली चूल तिथल्याच पगारावर पेटते. तू कशाला मधे पडतेस?"

"मी कुठं पडले? दिसलं मला."

"मग दिसलं नाही म्हण."

थोरलीनं तव्यावरची भाकरी उलटली.

सुनावणीच्या दिवशी मात्र गंमतच झाली. कार्यालयाची खोली इतकी शांत होती की थोरलीला ती खरी वाटेना. पंखा फिरत होता तोही मऊ मऊ. कानात मागांची खडखड अजून वाजत होती, बाहेर मात्र काहीच नव्हतं. खुर्च्या, टेबल, साहेबांचा टाय, सगळं लांब, कापसात गुंडाळल्यासारखं.

अधिकारीबाई चष्म्यातून बघत म्हणाल्या, "घाबरू नका. रूपावरून, आजारावरून कुणाला बढती नाकारता येत नाही, असा कायदा आहे. आणि साक्ष दिली म्हणून तुम्हाला काढलं, हलवलं, छळलं, तर तोही गुन्हा. तुमच्यावरही आणि तुमच्या यजमानांवरही डूख धरता येणार नाही. कळलं? बोला आता."

थोरली बोलली. मन लावून, सगळं सांगितलं. काच कुठं, साहेब कुठं, गिऱ्हाईक कुठं, काय म्हणाले.

अधिकारीबाई बघतच राहिल्या. "अहो, बोला ना!"

"बोलले की मघाशी!" थोरलीच्या तोंडून मोठ्यानं निघालं आणि ती स्वतःच दचकली. इतका वेळ तिनं नुसते ओठ हलवले होते. चांदणी पलीकडच्या खुर्चीत तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बाई, तिनं सगळं सांगितलं," चांदणी म्हणाली. "शब्दन् शब्द."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हे काय चाललंय? काच बंद होती, माग चालू होते. हिला ऐकू येणं शक्यच नाही!"

"ऐकलं कुणी म्हटलंय?" थोरली म्हणाली. "बघितलं म्हणतेय मी."

अधिकारीबाई उठल्या. चांदणीला दाराबाहेर नेलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आत येऊन दार लावलं. दाराच्या काचेतून चांदणीचा डागाडागांचा चेहरा दिसत होता. ओठ हलले. सावकाश, मोठे.

थोरली म्हणाली, "बाईंची मुलगी आज शाळेत जायचं नाही म्हणून पलंगाखाली लपली. अजून लपलेली असेल."

कारकून फिस्सकन हसला. अधिकारीबाईही हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या.

"अहो, ते मी गमतीत म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

अधिकारीबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"म्हणाला होतात ना?" अधिकारीबाईंनी विचारलं आणि कारकुनाकडे बघितलं. "हे लिहा."

काही दिवसांनी निकाल आला. चांदणी काचेच्या खोलीत गेली. गिऱ्हाईक आलं, बसलं, कापड हातात घेतलं, भावावरून घासाघीस करून गेलं. कुणी काही म्हटलं नाही. साहेब मात्र शेडकडे पाठ करून बोलायला लागले.

थोरली आपल्याच मागावर होती. निकाल हातात होता, कायदा पाठीशी होता, तरी मुकादम जवळून गेला की तिची बोटं धाग्यावर थबकायची. आता बोलावतील. आता म्हणतील, तुझी पाळी बदलली. नवराही घरी आल्या आल्या विचारायचा, "काही म्हणाले का?"

"नाही."

मग एका सकाळी शेजारच्या मागावरची नवी बाई बावळटासारखी तिच्याकडे बघत होती. थोरली तिला शिकवण्यात दंग झाली, ओठ मोठे, सावकाश, पुन्हा पुन्हा. मुकादम येऊन केव्हा पुढे गेला, तिला कळलंसुद्धा नाही.